हजार हातांचा वाटा

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं, म्हणून तर ही गोष्ट घडली.

त्याचा किल्ला होता समुद्राकाठच्या डोंगरावर. किल्ल्यात दगडी तळं होतं, हत्ती होते, अत्तराच्या कुप्या होत्या, पेरूची दोनशे झाडं होती. पण राजाला एक खोड होती, बरं का. दुसऱ्याच्या हातात काही दिसलं की त्याला वाटायचं, हे माझ्याकडे का नाही? रस्त्यात कुणी पेरू खात असलं तरी पालखी थांबायची. घरी दोनशे झाडं, पण राजाला हवा असायचा तो दुसऱ्याने अर्धा खाल्लेला पेरू.

हसू नकोस तनू. पुढे हसण्यासारखं फार नाही.

डोंगराखाली होतं कोळ्यांचं गाव. साठ माणसं, चार होड्या आणि एक भलं मोठं जाळं. त्या जाळ्याला म्हणत रापण. सकाळी होडी निघायची, समुद्रात अर्धा गोल काढत जाळं सोडायची आणि परत किनाऱ्याला लागायची. जाळ्याची दोन्ही टोकं मोठ्या दोरांना बांधलेली असत. मग अख्खं गाव किनाऱ्यावर उभं राहून ते दोर ओढायचं. म्हातारे ओढायचे, बाया ओढायच्या, पोरं लोंबकळायची. जाळं वर आलं की जे काही मिळालं असेल त्याचे सारखे वाटे.

आणि त्या गावचा नियम काय होता माहीत आहे? दोराला हात लावील त्याला वाटा. बस. तू कोण, कुठला, किती जोर लावलास, कुणी विचारायचं नाही. एक आंधळा आजोबा होता, तो दोरावर नुसता हात ठेवून उभा राहायचा. त्याला वाटा. परगावचा वाटसरू आला, त्याने हात लावला, त्यालाही वाटा. दोराला आलेला हात त्या गावाने कधी परत पाठवला नव्हता.

त्या गावात शेवंती नावाची एक बाई होती. तिचा नवरा वादळात समुद्रात गेला तो परत आला नाही. शेवंतीला सातवा महिना होता. जाण्याआधी नवऱ्याने बाळासाठी एक पाळणा करून ठेवला होता. नवं लाकूड नाही हं. त्या गावात पाळणा जुन्या होडीच्या फळ्यांचा करत. समुद्रात मुरलेलं लाकूड किडत नाही, आणि त्यात झोपलेलं मूल पाण्याला भीत नाही, असं ते म्हणत. शेवंती रोज सकाळी दोराला हात लावायची आणि तिला दोन वाटे मिळायचे. एक तिचा, एक पोटातल्याचा. त्यावर तिचं चाललं होतं.

तर एकदा काय झालं, राजा गच्चीत उभा होता. खाली किनाऱ्यावर जाळं वर येताना त्याला दिसलं. उन्हात मासळी चमकत होती. राजा म्हणाला, "ते काय चमकतंय? ते माझ्याकडे का नाही?"

पालखी खाली आली. राजा वाळूत उतरला. गावाचा म्होरक्या होता दाजी तांडेल. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, सगळ्यांत जाणता. त्याने हात जोडले.

"महाराज, वाटा हवाय तर दोराला हात लावा. दुसऱ्या खेपेचं जाळं ओढतोयच."

राजाने एक बोट लावलं. अंगठीचं.

दाजी म्हणाला, "एक सांगतो महाराज. जे येईल त्याचा वाटा. मासळी आली तर मासळीचा. जाळं फाटलं तर फाटक्या जाळ्याचा, मग प्रत्येकाने आपापला तुकडा शिवायचा. आलेला वाटा नको म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल," राजा म्हणाला. तो मासळीकडे बघत होता. त्याने ऐकलंच नाही.

जाळं वर आलं. वाटे पडले. प्रत्येकाला सात बांगडे. आंधळ्या आजोबाला सात. राजाला सात. शेवंतीला चौदा.

राजा थक्क झाला. आपले सात बांगडे बघितले, तिचे चौदा बघितले. "हिला चौदा का?"

"ती दोन जीवांची आहे, महाराज."

"आणि मी? माझ्यात तर अख्खं राज्य आहे."

दाजीने समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "समुद्राला राज्य दिसत नाही, महाराज. त्याला नुसते हात दिसतात."

हे बोलायला नको होतं. पण बिचाऱ्याला काय ठाऊक? त्या गावात कुणी कधी आपल्या वाट्याहून जास्त मागितलंच नव्हतं. समोरच्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला समजणार कसं? राजा वर गेला. जेवताना एकच गोष्ट घोळवत बसला. हात. नुसते हात.

मग दुसऱ्या दिवशी काय झालं? राजा परत खाली आला, आणि त्याच्यामागे शंभर शिपाई. ओळीने उभे राहिले आणि सगळ्यांनी दोराला हात लावले. ओढलं कुणीच नाही, बरं का. नुसते लावले.

गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एक बाई हळूच म्हणाली, "दाजी, हे ओढत कुठे आहेत? उलट यांच्या वजनाने दोर जड झालाय."

दाजी म्हणाला, "आंधळे आजोबाही ओढत नाहीत गो. आज यांचे हात काढले तर उद्या त्यांचेही काढावे लागतील."

आणि त्याने राजाला विचारलं, "जे येईल त्याचा वाटा. नको म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल." राजाचे डोळे पाण्यावर.

जाळं वर आलं. वाटे पडले. प्रत्येकाला दोन बांगडे, फक्त दोन. शेवंतीला चार. आणि शंभर शिपायांचे वाटे राजाने आपल्या टोपल्यांत भरून घेतले. त्या सकाळी गावात चुली पेटल्या, पण भांडी लवकर रिकामी झाली.

वर काय झालं ते ऐका. शिपायांनी एकेक बांगडा गुपचूप फेट्यात लपवला होता. त्यांनाही घरी मुलंबाळं होती ना. ते किल्ल्याच्या दरवाजाशी आले आणि गावातली झाडून सगळी मांजरं त्यांच्यामागे. शंभर शिपाई पुढे आणि मांजरांची फौज मागे. राजाने फेटे सोडायला लावले. शंभर बांगडे बाहेर पडले.

आता हसलात तर चालेल. पण राजा हसला नाही. तो म्हणाला, "माणसाच्या हाताला माणूस चिकटलेला असतो. मला नुसते हात हवेत. खाणार नाहीत असे."

मग त्याने चिताऱ्याला बोलावलं. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करून रंगवणारा. त्याचं नाव सदू चितारी. तुमच्यासारख्या मुलांसाठी तो भोवरे करायचा, बाहुल्या करायचा, लाकडाची केळी नि सीताफळं अशी करायचा की माशा फसायच्या. राजा त्याला म्हणाला, "हजार हात कर. बोटं वाकलेली हवीत, दोराला अडकतील अशी."

सदू म्हणाला, "महाराज, हातांना दोर धरायचाय, आणि दोर सारखा खाऱ्या पाण्यात. साधं लाकूड महिन्याभरात कुजेल. मुरलेलं लाकूड लागेल."

"ते कुठे मिळतं?"

सदू हत्यारं आवरायला लागला. त्याला माहीत होतं. पण राजाच्या प्रधानालाही माहीत होतं. तो म्हणाला, "कोळ्यांच्या पाळण्यांत."

मग काय झालं ते मला सांगवत नाही, पण सांगते. शिपाई किनाऱ्यावरच्या गावागावांत गेले. झोपलेली मुलं त्यांनी आयांच्या मांडीवर दिली आणि पाळणे उचलले. शंभर पाळणे. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. माणसं दारात नुसती उभी राहिली. राजा मासळी नेतो, धान्य नेतो, हे त्यांना ठाऊक होतं. पाळणा नेतो? हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे नाही कसं म्हणायचं, तेच कुणाला सुचलं नाही.

शेवंतीचा पाळणा रिकामाच होता. शिपायाने तो उचलला. त्याच्या एका फळीवर डोळ्यासारखी गाठ होती. शेवंतीने त्या गाठीवर एकदा हात फिरवला. शिपाई खाली मान घालून म्हणाला, "ताई, माझ्याही घरचा नेला."

महिनाभर सदू चितारी लाकूड कोरत होता. एका पाळण्याचे दहा हात. शंभर पाळण्यांचे हजार. त्याने एक केलं. प्रत्येक पाळण्याचे दहा हात वेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधून ठेवले. राजाने विचारलं, "हे कशाला?" सदू म्हणाला, "मोजायला सोपं." राजाला पटलं.

मग उजाडला राजाच्या तिसऱ्या खेपेचा दिवस. राजा खाली उतरला, मागे बैलगाड्या. शिपायांनी दोन्ही दोरांवर ते हात अडकवले. लांबच लांब दोर, आणि त्यावर हातच हात. मनगटामागे कुणी नाही. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटत होते, टक टक, टक टक. लहान मुलं आयांच्या मागे लपली. थोरांच्याही अंगावर काटा आला.

एक म्हातारी तेवढ्यात म्हणाली, "माझ्या नवऱ्यापेक्षा बरे. उलट बोलत नाहीत." पण तिलाही हसू आलं नाही.

दाजी तांडेल दोर सोडून बाजूला झाला. "महाराज, दोराला आलेला हात आम्ही कधी परत केला नाही. पण हे हात नाहीत."

राजा म्हणाला, "तूच म्हणालास, समुद्राला नुसते हात दिसतात. मग बघू दे त्याला. की साठ माणसांचा नियम साठ जणांपुरताच होता?"

तेव्हा शेवंती पुढे आली. तिचे दिवस भरत आले होते. तिने दोरावरचा एक हात बघितला. त्याच्या तळव्यावर डोळ्यासारखी गाठ होती. तिने त्या गाठीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "दाजी, हा माझ्या बाळाचा पाळणा आहे. बाळाच्या बापाने केलेला. तो दोराला लागलाय तर मी काढा म्हणणार नाही. लागू दे. पण यांना नीट विचारा."

दाजीने विचारलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "जे येईल त्याचा वाटा, महाराज. हजार हातांचे हजार वाटे. आलेलं नको म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल, कबूल."

आणि साठ माणसांनी दोर ओढला. हजार हात नुसते लोंबत राहिले.

जाळं इतकं जड झालं, इतकं जड झालं की माणसांच्या टाचा वाळूत घोट्यापर्यंत रुतल्या. सकाळची दुपार झाली. शेवटी जाळं वर आलं. आणि बघतात तर काय? एक मासा नाही. एक खेकडा नाही. जाळ्याच्या तळाशी होता एक निळा गोळा. घागरीएवढा. पाण्याचाच, पण वाळूत जिरत नव्हता, हलत होता. त्यातून आवाज यायचा, शंख कानाला लावल्यावर येतो ना, तसा.

सगळे दोन पावलं मागे सरले.

दाजी गुडघ्यांवर बसला. "माझे आजोबा सांगायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "समुद्र रोज सगळ्या नद्या पितो. तरी त्याची तहान भागत नाही. ही ती तहान आहे. हजार हात बघितले त्याने, आणि एकालाही तोंड नाही. ज्यांना पोट नाही त्यांना मासळी काय द्यायची? म्हणून त्याने हे दिलं."

मग तो राजाकडे वळला. आता बघा हं, दाजी किती चांगला माणूस. ज्याने पाळणे नेले त्या राजाला तो म्हणाला, "महाराज, हात काढून घ्या. एवढी तहान माणसाला झेपायची नाही. नियम मोडल्याचं पाप मी माझ्या माथी घेतो."

राजाला त्यात दिसला एक नीलमणी. घागरीएवढा नीलमणी. त्याला वाटलं, हा कोळी आपल्याला फसवतोय. सगळा स्वतःला ठेवायचाय याला. "हजार वाटे," तो म्हणाला. "आणि माझा एक वेगळा."

मग वाटे पडले. गोळ्याचे थेंब झाले, मण्यांसारखे. शेवंतीच्या हातावर दोन, बाकी प्रत्येक गावकऱ्याच्या हातावर एकेक मणी. तो तळव्यात जिरला आणि प्रत्येकाला तहान लागली. शेवंतीच्या दारात गोड्या पाण्याची विहीर होती. सगळे तिथे गेले, तांब्याभर पाणी प्याले आणि तहान भागली. शेवंती दोन तांबे प्याली. झालं.

राजाने आपले एक हजार एक मणी थेट पेटीत पाडून घेतले आणि निघाला. पण लोभी माणूस पेटी बंद ठेवतो का? वाटेत दर वळणावर उघडायचा, हात घालायचा, मणी चाळवायचा. किल्ल्यावर पोचेपर्यंत पेटी रिकामी. सगळे मणी जिरले होते राजाच्या हातांत.

मग राजाला तहान लागली.

आधी तो रांजण प्याला. मग वाड्यातले सगळे हंडे, देवाच्या अभिषेकाचं पाणी, हत्तींच्या पुढ्यातलं पाणी, राणीचं गुलाबपाणी. त्याचं पोट फुगलं नाही की ओठ ओले झाले नाहीत. मग तो किल्ल्यातलं तळं प्याला. काठावर ओणवा झाला आणि तोंड लावलं. तळाशी मासे तडफडत पडले. धुणाऱ्या बाया हातात अर्धं धुतलेलं लुगडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग तो नदीवर गेला. चार दिवस नदी पीत होता. वरच्या गावांतले लोक सकाळी कळशा घेऊन आले, तर नदीच्या जागी चिखल. त्यांना वाटलं, आपण वाट चुकलो.

मग तो समुद्रावर गेला असेल, असं ना ओवी? गेला तर. एक घोट घेतला आणि तहान दुप्पट झाली.

आता साऱ्या राज्यात गोडं पाणी उरलं होतं एकाच ठिकाणी. शेवंतीच्या दारातल्या विहिरीत. आणि त्याच आठवड्यात शेवंतीला मुलगी झाली होती. पाळणा नव्हता, म्हणून तिला सुपात निजवलं होतं. त्या सकाळी विहिरीवर रांग लागली होती. वरच्या गावांचे लोकही आले होते. तेवढ्यात राजा आला. एकटा. शिपाई केव्हाच पळाले होते. मुकुट कुठे पडला होता देव जाणे. जीभ चामड्यासारखी झाली होती. तो विहिरीच्या काठावर पालथा पडला आणि आत सरकायला लागला.

रांग मागे सरली. मागून कुणीतरी म्हणालं, "पडू दे आत."

दाजी म्हणाला, "पडला तर आतलं सगळं पिऊन टाकील. आणि पकडायला गेलो तर नदी प्यालेला माणूस आपल्याला आवरणार आहे का?"

शेवंती उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात सुपात बाळ. त्या विहिरीचं पाणी संपलं तर तिला दूध येणार नव्हतं. दूध आलं नाही तर ते पाच दिवसांचं बाळ जगणार नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं. ती बोलली.

"महाराज, इथेही दोर आहे. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

राजाने मान वर केली. रहाटावर कळशीचा दोर होता. त्याने तो दोन्ही हातांनी पकडला.

"नुसता पकडू नका," शेवंती म्हणाली. "हजार हात लावलेत, ओढलं एकानेही नाही. आता ओढा."

राजाने जन्मात पहिल्यांदा काही ओढलं. हात सोलवटले. पहिली कळशी वर आली, काठोकाठ. राजाने ती तोंडाशी नेली.

"ती माझी," शेवंती म्हणाली. "मी रांगेत पहिली आहे. मी आणि ही."

राजाला कोण अडवणार होतं? कुणीच नाही. कळशी त्याच्या ओठांशी होती. आणि तेवढ्यात बाळ रडलं. रडलं म्हणजे काय, आवाज नव्हताच, नुसतं तोंड उघडलं. ओठ सुकलेले. एवढीशी जीभ हवेत काही शोधत होती.

राजा बघत राहिला. तहान म्हणजे काय, ते तिथे जमलेल्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त कळत होतं. त्या सुकलेल्या जिभेला काय होतंय, ते त्याला आतून समजलं. यापूर्वी दुसऱ्याच्या हातात काय आहे एवढंच त्याला दिसायचं. दुसऱ्याला काय नाही, ते त्याने आज पाहिलं.

त्याने कळशी खाली केली आणि शेवंतीच्या तांब्यात ओतली.

आणि मग, बरं का, राजाच्या तळव्यातून एक निळा मणी बाहेर आला. घामासारखा. टपकन वाळूत पडला आणि घरंगळत घरंगळत समुद्रात गेला.

सगळ्यांनी तो पाहिला. कुणाला काही कळेना. दाजी तांडेलाला कळलं. तो म्हणाला, "महाराज, एक ओढलीत, एक गेला. हजार राहिले."

मग राजा ओढत राहिला. दुसरी कळशी आंधळ्या आजोबांची. तिसरी वरच्या गावच्या एका बाईची. तिने भांडं पुढे केलं, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. राजाने ओतलं. दर कळशीला एक मणी जायचा. तीन दिवस तो ओढत होता. लोक त्याला भाकरी द्यायचे, पाणी मात्र त्याने मागितलं नाही. ज्यांच्या मुलांचे पाळणे नेले, ते सगळे आले, आणि त्याने सगळ्यांची भांडी भरली. पोरं मणी मोजायची, चुकायची, भांडायची आणि परत मोजायची.

हजार मणी गेले. विहिरीत आता एक कळशी पाणी होतं. आणि राजाकडे एकच मणी होता, त्याचा स्वतःचा, एका माणसाची तहान. त्याने कळशी वर काढली आणि विचारलं, "ही कुणाची?"

शेवंती म्हणाली, "रांगेत आता तुम्हीच आहात."

राजा प्याला. आणि त्याची तहान भागली. एका कळशीतही दोन घोट उरले. तो तिथेच बसला आणि त्या उरलेल्या दोन घोटांकडे बघत राहिला. त्याच्या आयुष्यात कधी काही उरलंच नव्हतं.

समुद्राची तहान समुद्राकडे गेली तशी विहिरीला झरे फुटले, मग नदीला, मग तळ्याला. सदू चिताऱ्याने दोरावरचे हात उतरवले. सुतळीच्या रंगांवरून बरोबर ओळखले, कुठल्या पाळण्याचे कुठले. प्रत्येकी दहा हात उताणे ठेवून त्याने एकमेकांत गुंफले, वाकलेली बोटं वर, आणि त्यांची झाली एक खोल ओंजळ. असे शंभर पाळणे झाले. शेवंतीच्या बाळाचा पाळणा तसाच. त्यातल्या एका तळव्यावर गाठ आहे, डोळ्यासारखी. ती बाळाकडे बघत असते.

आणि राजा? तो रोज सकाळी खाली येतो. अंगठ्या काढून ठेवतो. दोराला दोन्ही हात लावतो आणि ओढतो. दाजी विचारतो, "जे येईल त्याचा वाटा. कबूल?" राजा शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो आणि मग एकदाच म्हणतो, "कबूल." त्याला सात बांगडे मिळतात. शेवंतीला अजूनही चौदा. सगळे सुखाने राहतात.

तनू, पाणी प्यायलीस का? मग मूठ सोड बघू. ओवी, तूही. अशी. बघा, झोपेचं जाळं किनाऱ्याला लागलंय. तुझा एक वाटा, हिचा एक वाटा, उरलेला माझा. मिटा डोळे.